वर पोलाद, खाली ॲल्युमिनियम: सेल्फ-पिअर्सिंग रिव्हेटचा जोड कसा बसवायचा

इंदूरकडच्या सांवेर रोड, पोलोग्राउंड किंवा पीथमपूरच्या ज्या शेडमध्ये गाड्यांसाठी पत्र्याची कामं होतात, तिथे स्पॉट वेल्डिंगचं यंत्र असतंच. पोलादाला पोलाद जोडायचं तर त्याच्याइतकं स्वस्त आणि झटपट दुसरं काही नाही. अडचण सुरू होते ती गाडी हलकी करायची म्हणून ड्रॉइंगमध्ये ॲल्युमिनियम येतं तेव्हा. बॅटरीवरच्या लोडरचा सांगाडा हाय-स्ट्रेंग्थ पोलादाचा, ट्रेचा तळ ॲल्युमिनियमचा, आणि हे दोन पत्रे खड्ड्यांतून, पावसातून वर्षानुवर्षं एकमेकांना धरून राहायला हवेत.

वेल्डिंगने ते साधत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पोलादाला १५०० च्या आसपास जावं लागतं. शिवाय गरम अवस्थेत लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची जी संयुगं सीमेवर तयार होतात ती काचेसारखी ठिसूळ असतात. जोड बाहेरून चांगला दिसतो आणि पहिल्याच दणक्याला त्या थरातून उकलतो. सियागंज बाजारातून पॉप रिव्हेट आणून भागवावं असं वाटतं, पण त्याला आधी दोन्ही पत्र्यांना भोक पाडावं लागतं, भोकं जुळवावी लागतात, आणि आरपार भोकातून पाणी आत जातं. बॅटरीच्या ट्रेला ते चालणार नाही.

म्हणून सेल्फ-पिअर्सिंग रिव्हेट. ऑडीने १९९४ च्या ए८ मध्ये आणि जग्वारने २००३ च्या एक्सजेमध्ये ॲल्युमिनियमच्या बॉडीसाठी हीच पद्धत वापरली. आता ती पोलाद-ॲल्युमिनियमच्या मिश्र जोडांसाठी रुळलेली आहे. भोक आधी पाडायचं नाही. खालून पोकळ असलेला कडक पोलादी रिव्हेट पंचाने वरच्या पत्र्यावर दाबायचा. तो वरचा पत्रा कापत खाली जातो, खालच्या पत्र्यात शिरतो, पण आरपार जात नाही. खाली डाय असते. तिच्या खळग्यात खालचा पत्रा फुगतो (त्या फुगवट्याला बटण म्हणतात) आणि रिव्हेटचे पाय आतल्या आत बाहेरच्या बाजूला फाकतात. ते फाकलेले पाय म्हणजेच जोड. वरच्या पत्र्यातून कापलेली चकती रिव्हेटच्या पोकळीतच अडकून राहते.

या पद्धतीची खुबी आणि धोका एकाच गोष्टीत आहे: जोड दिसत नाही. डोकं सपाट बसलेलं, खाली बटण गोल गरगरीत, आणि आत पाय फाकलेलेच नाहीत, असं सर्रास होतं. त्यामुळे इथे खरी तपासणी एकच, जोड मधोमध कापून बघणं. यंत्र घ्यायच्या आधी कापण्या-घासण्याची सोय करा, असंच आम्ही सांगू.

कोणता पत्रा वर

नियम सोपा आहे: कडक पत्रा वर, मऊ खाली; पातळ वर, जाड खाली. खालच्या पत्र्याची जाडी एकूण जाडीच्या निदान एक तृतीयांश हवी, नाहीतर पायांना फाकायला जागाच उरत नाही. पोलाद-ॲल्युमिनियमच्या जोडीत पोलाद बहुधा पातळ आणि कडक असतं, म्हणून ते वर, पंचाच्या बाजूला. डिझाइनमध्ये उलटं आलं असेल, म्हणजे ३ मिमी ॲल्युमिनियम वर आणि ०.८ मिमी पोलाद खाली, तर रिव्हेट-डाय बदलत बसू नका. ड्रॉइंग करणाऱ्याशी बोला आणि यंत्र उलट्या बाजूने पोचेल का ते पाहा. हा प्रश्न कागदावर सुटतो, शेडमध्ये सुटत नाही.

वरच्या पोलादाची ताकद किती चालेल? ६०० मेगापास्कलपर्यंत बिनधास्त. ७८० ला कडक रिव्हेट लागतो. ९८० ला जाड भिंतीचे खास रिव्हेट आणि भरपूर चाचण्या लागतात. गरम दाबून कडक केलेल्या १५०० मेगापास्कलच्या बोरॉन पोलादात नेहमीचा रिव्हेट शिरत नाही, त्याचेच पाय चेपतात. त्यासाठी वेगळा मार्ग आहे, तो शेवटी.

इथून पुढे एकच जोड धरून चालू: वर जस्त चढवलेलं १.२ मिमी डीपी ५९० पोलाद (५९० मेगापास्कल ताकदीचं), खाली २.० मिमी ५७५४ जातीचं ॲल्युमिनियम, ओ टेंपरचं, म्हणजे तापवून मऊ केलेलं. एकूण ३.२ मिमी. हे मऊ ॲल्युमिनियम चांगलं ताणलं जातं, म्हणून हात बसवायला हा जोड बरा.

रिव्हेट आणि डाय

रिव्हेट प्रामुख्याने दोन मापांचे, दांड्याचा व्यास साधारण ३.३ मिमी आणि ५.३ मिमी. गाडीच्या सांगाड्याला ५.३ चा. त्याचं डोकं ७.७५ मिमीचं असतं. लांबीसाठी सुरुवातीचा आडाखा म्हणजे एकूण जाडी अधिक २ ते ३ मिमी. आपल्या ३.२ ला ६.० मिमीचा रिव्हेट घेऊन सुरुवात करा, हाताशी ५.५ आणि ६.५ चेही ठेवा. कडकपणा एच४, म्हणजे सुमारे ४८० व्हिकर्स. डीपी ७८० असतं तर एच६, सुमारे ५५० व्हिकर्स. जास्त कडक म्हणजे जास्त चांगला असं मात्र नाही. कडक रिव्हेट वरचा पत्रा नीट कापतो, पण मग त्याचे पाय फाकायला राजी होत नाहीत.

५.५, ६.० आणि ६.५ चे रिव्हेट डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि पेट्यांची अदलाबदल हे गफलतीचं पहिलं कारण. सराफ्यात वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि नवी पेटी उघडली की दहा रिव्हेट तोला. ५.३ च्या रिव्हेटला अर्धा मिमी लांबीचा फरक दहा नगांत साधारण अर्धा ग्रॅम भरतो, काट्यावर तो लख्ख दिसतो. रिव्हेटवर जस्त-कथिल-ॲल्युमिनियमचा किंवा जस्त-निकेलचा थर हवा. बिनथराचा रिव्हेट चाचणीलासुद्धा वापरू नका, कारण घर्षण बदललं की बसायचा जोरही बदलतो.

डाय निवडताना आकारमानाचा हिशेब उपयोगी पडतो. रिव्हेट जितकी धातू आत घुसवतो, साधारण तितकी जागा डायच्या खळग्यात हवी. ६.० मिमीच्या रिव्हेटमध्ये अंदाजे १०० घन मिमी धातू असते. ९ मिमी व्यासाच्या, १.६ मिमी खोल सपाट डायचं आकारमान १०२ घन मिमी, म्हणून सुरुवातीला ती घ्या. खळगा लहान पडला तर जोर उगाच चढतो. फार मोठा असला तर खालचा पत्रा त्यात पूर्ण भरत नाही, बटणाच्या कडेला ताण येतो आणि चिरा जातात. मध्ये उंचवटा असलेली डाय पाय चांगले फाकवते, पण ॲल्युमिनियम ताणखाऊ नसेल तर त्याच उंचवट्यावर पत्रा पातळ होतो. ओतीव ॲल्युमिनियमला, किंवा तुटण्याआधी जो १० टक्क्यांपेक्षा कमी ताणला जातो अशा पत्र्याला, रुंद, उथळ, सपाट डायच द्या.

रिव्हेट, डाय आणि पंच एकाच पुरवठादाराकडून जुळवून घेतलेले बरे. हेनरॉब (२०१४ पासून ॲटलास कॉप्कोकडे) आणि बोलहॉफ ही या क्षेत्रातली जुनी नावं. डाय लेथवर करून घेता येते, पण खळग्याची आतली त्रिज्या आणि पॉलिश ढिली राहिली तर ॲल्युमिनियम तिला चिकटतं आणि प्रत्येक बटणावर ओरखडा उमटतो.

यंत्र आणि जोर

या जोडाला साधारण ४० ते ५५ किलोन्यूटन जोर लागतो. सर्व्हो यंत्रात तो थेट दिसतो, हायड्रॉलिक सिलिंडर असेल तर हिशेब करा. ६३ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३११७ चौरस मिमी. १६० बार दाबाला जवळपास ५० किलोन्यूटन. गेजवरचा आकडा सकाळी थंड तेलावर आणि दुपारी तापलेल्या तेलावर तंतोतंत सारखा वागत नाही, म्हणून लोड सेलने (जोर मोजणाऱ्या सेन्सरने) दोन्ही वेळा एकदा ताडून घ्या.

जोर जितका महत्त्वाचा तितकीच सी-फ्रेमची, म्हणजे पंच आणि डाय धरणाऱ्या सी आकाराच्या सांगाड्याची, ताठरता. पाच टन भाराखाली प्रत्येक सी-फ्रेम उघडते. ती सरळ उघडली तर भागतं, पण तिरकी उघडली तर पंच आणि डायचे मध्य सरकतात आणि पाय एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी फाकतात. घसा जितका खोल तितकं हे वाढतं. कामाला २५० मिमी पोच पुरत असेल तर ५०० ची सी-फ्रेम घेऊ नका. पंचाभोवती पत्रा दाबून धरणारी स्प्रिंगची नळी हवीच, तिचा दाब निदान काही किलोन्यूटन असू दे. पत्र्यांमध्ये फट राहिली तर वरच्या पत्र्याची कड त्या फटीत दुमडते आणि रिव्हेटची लांबी तिथेच खर्च होते.

रिव्हेटच्या मध्यापासून कडेचं अंतर ८ ते ९ मिमीच्या खाली नको. फ्लँज (जोडाची पट्टी) १८ मिमीपेक्षा अरुंद असेल तर नळी आणि डाय नीट टेकतच नाहीत, २० मिळाला तर उत्तम. दोन रिव्हेटांत ४० ते ६० मिमी ठेवा. २० च्या आत गेलात तर शेजारच्या रिव्हेटच्या बटणापाशी पत्रा आधीच ताणलेला असतो.

पहिल्या चाचण्या

दोन्ही पत्र्यांच्या ४० मिमी रुंद पट्ट्या कापा. ज्या कॉइलचं (पत्र्याच्या गुंडाळीचं) काम करायचं त्याच कॉइलच्या. भंगारातल्या पत्र्यावर केलेली चाचणी काही सांगत नाही. कापाच्या कडांवरचा धारदार बर काढा, जाड तेल पुसा. ४० मिमी एकमेकांवर ठेवून मध्ये रिव्हेट मारा: ४० किलोन्यूटनला तीन, ४५ ला तीन, ५० ला तीन, ५५ ला तीन. प्रत्येकावर मारण्याआधीच मार्करने नंबर टाका.

आता डोक्याची उंची मोजा. डायल गेजने, डोक्याभोवती तीन ठिकाणी पत्र्यावर शून्य घेऊन. बऱ्याच वाहन कंपन्या +०.३ ते −०.५ मिमी चालवतात, पण आपण शून्य ते −०.२ मध्ये आणायचा प्रयत्न करायचा. डोकं वर राहिलं तर जोर कमी. खूप रुतलं तर जोर जास्त, आणि तेव्हा खालचा पत्रा पायाच्या टोकाखाली पातळ झालेला असणार. तीन ठिकाणचे आकडे एकमेकांपासून ०.१५ मिमीहून जास्त हटले तर यंत्र तिरकं बसतंय. तिथेच थांबा, कारण तिरक्या यंत्रावर पुढचं सगळं मोजणं फुकट जातं.

आणि वर राहिलेल्या रिव्हेटवर दुसऱ्यांदा पंच मारू नका. डोकं खाली जाईल, पाय फाकणार नाहीत, आणि तो नमुना चांगल्या ढिगात जाऊन बसेल.

काप

उंची बरोबर आलेले तीन नमुने घ्या. रिव्हेटच्या मध्यापासून १ ते १.५ मिमी बाजूने कापा, पातळ कटिंग चाकाने, पाणी सोडत, सावकाश. मग थंड बसणाऱ्या रेझिनमध्ये काप बसवा आणि मध्यापर्यंत घासत या: १२०, २४०, ४००, ८००, १२०० चा पॉलिश पेपर, दर पायरीला नमुना ९० अंश फिरवून आणि आधीचे ओरखडे जाईपर्यंत. ॲल्युमिनियम मऊ आणि रिव्हेट कडक, म्हणून जुन्या पेपरवर ॲल्युमिनियम खोलगट होतं आणि रिव्हेट वर राहतो. मग त्याची कड गोल दिसते, आणि आपल्याला मोजायची असते नेमकी तीच कड. पेपर नवा घ्या, पाणी भरपूर ठेवा. हे माप घ्यायला एचिंगची (रसायनाने पृष्ठभाग खाण्याची) गरज नाही. ॲल्युमिनियम फिकट, पोलाद गडद, सीमा उघड दिसते.

आपण खरंच मध्यावर आहोत का, हे रिव्हेटचं डोकंच सांगतं. कापात डोक्याची रुंदी ७.७५ दिसायला हवी. ७.७० दिसली तर आपण मध्यापासून ०.४ मिमीहून थोडे जास्त लांब आहोत. ७.५० दिसली तर जवळजवळ १ मिमी लांब. पाव मिमीची तूट क्षुल्लक वाटते, पण वर्तुळाची जीवा अशीच फसवते. आणि हे फसवणं नेहमी एकाच दिशेने असतं: मध्यापासून दूर घेतलेला काप लॉक, म्हणजे पाय खालच्या पत्र्यात बाजूला किती घुसला ते माप, असल्यापेक्षा मोठं दाखवतो. खरं लॉक ०.३८ मिमी असेल तर १ मिमी बाजूच्या कापात ते ०.४० वाचलं जातं, आणि नापास जोड पास होतो. म्हणून आधी डोक्याची रुंदी मोजा, मगच बाकीचं. तिच्यावरूनच सूक्ष्मदर्शकाच्या फोटोचं स्केलही पक्कं होतं.

मोजायचं तीनच. एक, लॉक: खालच्या पत्र्यात पाय बाजूला किती घुसला, डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळं. खाली ॲल्युमिनियम असेल तर दोन्हीकडे निदान ०.४ मिमी हवं (खाली पोलाद असेल तिथे ०.२ वर भागवतात). दोन, खालच्या पत्र्याची सर्वांत पातळ जागा, बहुधा पायाच्या टोकाखाली: निदान ०.२ मिमी. तीन, डोक्याची उंची, कापातही ताडून. तीन नमुन्यांच्या बारा आकड्यांपैकी एकही मर्यादेच्या काठावर असेल तर ती सेटिंग घेऊ नका, कॉइल बदलली की ती पडेल.

मग ताकद बघा. दोन पट्ट्या विरुद्ध दिशांना ओढून शिअरची (एकमेकींवरून सरकवण्याची) चाचणी, आणि जमलं तर पट्ट्या एल आकारात वाकवून सोलण्याची. सोलण्यात हा जोड शिअरपेक्षा बराच कमी दम धरतो, म्हणून भाग असा ठेवावा की चालत्या गाडीत रिव्हेटवर भार शिअरचाच येईल. वर पोलाद असल्यावर जोड बहुधा खालच्या ॲल्युमिनियममधून रिव्हेट उपटूनच तुटतो. म्हणजे पुन्हा लॉकच.

कापात काय दिसतं आणि ते का

पाय मध्येच चेपलेले, जाड झालेले, बुंध्याशी वाकलेले: वरचं पोलाद रिव्हेटला भारी पडलं. जोर वाढवून उपयोग नाही, कडक रिव्हेट घ्या. कॉइलचं प्रमाणपत्रही बघा, डीपी ५९० च्या नावावर आलेला पत्रा कधी कधी पुष्कळ वरच्या ताकदीचा असतो.

पाय सरळच्या सरळ खाली गेलेले, दोन्हीकडे लॉक ०.२ च्या आत: रिव्हेट आखूड, किंवा गरजेपेक्षा कडक, किंवा डायचा व्यास मोठा. एका वेळी एकच बदला. आधी लांबी अर्धा मिमी वाढवा.

एकीकडे ०.५५, दुसरीकडे ०.२०: रिव्हेट-डायचा दोष नाही. पंच आणि डायचे मध्य जुळलेले नाहीत, किंवा भाग यंत्रात तिरका धरला होता. लांब भाग एका माणसाने हातात तोलून धरला की हे हमखास होतं. खाली रोलरचा किंवा बॉलचा आधार द्या, भाराने डायवर वाकणार नाही असा.

पायाचं टोक खालच्या पत्र्यातून डोकावतंय: रिव्हेट लांब, किंवा डायचा उंचवटा जास्त. बाहेरून अशा बटणावर फक्त बारीक गोल रेघ दिसते. बॅटरीच्या ट्रेला एवढी रेघ पुरे आहे, पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरेल.

बटणाच्या कडेला चिरा: इथे थोडं थांबू, कारण याचं कारण अनेकदा डायमध्ये नसून गोदामात असतं. ५७५४ जसं आलं तसंच राहतं, पण ६०१६ सारखं ६००० मालिकेतलं ॲल्युमिनियम टी४ टेंपरमध्ये (उष्णोपचार करून) येतं आणि नुसतं पडून पडून कडक होत जातं. आलं तेव्हा सुरेख बसणारा जोड सहा महिन्यांनी त्याच डायवर तडकतो. ६००० मालिकेच्या प्रत्येक गठ्ठ्यावर उष्णोपचाराची तारीख लिहा, जुना माल आधी वापरा, आणि सहा महिने उलटलेल्या मालाचा नव्याने काप घ्या. सगळ्याच चिरा सारख्या नसतात. पृष्ठभागावरची केसासारखी रेघ बऱ्याच ठिकाणी चालते, पण नख अडकणारी चीर, किंवा कापात पायापर्यंत पोचलेली चीर अजिबात चालत नाही. तडे कायम एकाच दिशेने येत असतील तर पत्र्याच्या रोलिंगची दिशा तपासा.

डोक्याखाली फट: पंच डोक्यापेक्षा लहान आहे, झिजलाय, किंवा पत्रे आधी नीट दाबले गेले नाहीत.

सर्व्हो यंत्र असेल तर दर जोडाला जोर आणि अंतराचा आलेख मिळतो. चांगल्या जोडाचा आलेख हळू चढतो, पिअर्सिंगनंतर थोडा सपाट होतो आणि शेवटी उभा चढतो. रिव्हेटच नसेल तर चढ उशिरा येतो. दोन रिव्हेट एकावर एक आले तर फार लवकर येतो, आणि यंत्र तिथे आपोआप थांबलं नाही तर डाय फुटते. आलेख मात्र कापलेल्या नमुन्यांवरून बांधा. यंत्राने हिरवा दिवा दाखवला म्हणजे लॉक आहे असं नव्हे.

ॲडहेसिव्ह

गाडीत हा जोड एकटा क्वचितच असतो, पत्र्यांमध्ये एपॉक्सी ॲडहेसिव्ह असतं. त्याने ताकद वाढते, पाणी थांबतं आणि दोन धातू एकमेकांना टेकत नाहीत. ॲडहेसिव्ह ओलं असतानाच रिव्हेट मारायचा असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. द्रव दाबला जात नाही. नळीने पत्रे दाबल्या दाबल्या लगेच पंच आला तर बाहेर निसटायला वेळ न मिळालेलं ॲडहेसिव्ह रिव्हेटभोवती कोंडतं, दोन पत्र्यांमध्ये फुगवटा येतो आणि कापात काळा खिसा दिसतो. उपाय: दाबल्यावर साधारण सेकंदभर थांबा, मग पंच सोडा, ॲडहेसिव्हची दोरी रिव्हेटच्या रेषेवर न घालता किंचित बाजूला घाला, आणि सेटिंगचे काप कोरड्या पत्र्यावर घेतले असतील तर ॲडहेसिव्ह घालून पुन्हा घ्या. दोन्ही जोड एकसारखे येत नाहीत.

मे महिन्यात इंदूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पारा ४० च्या वर असतो, आणि एक-घटक एपॉक्सी तिथे आठवडाभर पडलं तर घट्ट होऊ लागतं. डब्यावर लिहिलेल्या तापमानात, थंड जागी ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, पावसाळी हवेत थंड डब्यावर दव धरतं. जानेवारीच्या सकाळी उलट, पारा दहाच्या खाली जातो आणि दोरी तुटक पडते; गन आणि पाइप कोमट ठेवावे लागतात.

भट्टी

पेंटच्या भट्टीत सगळा भाग १७० ते १८० अंशांपर्यंत जातो. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढतं, पोलाद ०.०१२. तीस अंशांवरून १८० पर्यंत, म्हणजे १५० अंशांत, एक मीटरचं ॲल्युमिनियम ३.४५ मिमी वाढेल आणि पोलाद १.८. फरक १.६५ मिमी. रिव्हेटांनी दोन्ही जखडलेले, म्हणून ॲल्युमिनियम रिव्हेटांच्या मध्ये फुगतं. त्याच वेळी ॲडहेसिव्ह घट्ट होतं आणि तो फुगवटा थंड झाल्यावरही थोडा कायम राहतो, किंवा ॲडहेसिव्हच सुटतं. यावर रामबाण इलाज नाही. लांब ॲल्युमिनियम पत्र्याला आडवे बीड (दाबून उठवलेल्या पट्ट्या) द्या, शक्य तिथे तो दोन तुकड्यांत करा, लांबीच्या रेषेवर रिव्हेट ४० मिमीच्या जवळ आणा आणि ताण सोसणारं ॲडहेसिव्ह निवडा. पहिला भाग भट्टीतून आला की सरळपट्टी लावून दोन रिव्हेटांमधला फुगवटा मोजा.

रिव्हेट मारण्याचा क्रमही इथे उपयोगी पडतो. प्रत्येक रिव्हेट पत्रा थोडासा बाजूला ढकलतो. एका टोकाकडून सुरुवात केली तर ते ढकलणं साठत जातं आणि दुसऱ्या टोकाला पत्रे जुळत नाहीत. मधोमध पहिला, मग आळीपाळीने दोन्ही बाजूंना.

गंज

ॲल्युमिनियम आणि पोलाद ओले होऊन एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. छोटा पोलादी रिव्हेट मोठ्या ॲल्युमिनियम पत्र्यात असला तर वेग कमी असतो. मोठा पोलादी पत्रा आणि त्याला लागून उघडी ॲल्युमिनियमची कड, ही वाईट जोडी. इंदुरात हवा खारी नाही, पण गाडी इंदुरातच राहते असं नाही, तिला रत्नागिरीलाही जावं लागतं. पोलादावर जस्त, मध्ये सलग ॲडहेसिव्ह, कडेला सीलर, वर ई-कोट (विजेच्या साहाय्याने बसवलेला रंगाचा थर), हे चारही करा. पाणी साचेल अशी खाच खालच्या बाजूला ठेवू नका.

घासण्याच्या खोलीबद्दल एक सक्त सूचना. ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाचा गंज एकत्र आले की ठिणगीने भयंकर आग लागते. दोन्हींसाठी चाकं, ब्रश आणि धूळ ओढणारी पाइपलाइन वेगवेगळी ठेवा.

जिथे हा रिव्हेट बसत नाही

बोरॉन पोलाद असेल, किंवा खालच्या बाजूला डाय पोचतच नसेल, तर फ्लो-ड्रिल स्क्रू. तो एकाच बाजूने जातो. वेगाने फिरत ॲल्युमिनियम तापवतो, आरपार जातो, स्वतःच आटे पाडतो आणि घट्ट होतो. पोलादाला आधी साधारण ७ मिमीचं भोक लेसरने पाडून ठेवतात, स्क्रू त्यातून खालच्या २ मिमी किंवा जाड ॲल्युमिनियममध्ये बसतो. वजन आणि खर्च रिव्हेटपेक्षा जास्त, शिवाय टोक मागे बाहेर येतं, तिथे वायर नसावी. कमी भाराच्या जागी, पोलाद मऊ असेल तर, क्लिंचिंग चालतं. त्यात रिव्हेटच नाही, दोन्ही पत्रे एकमेकांत दाबून अडकवतात. हाय-स्ट्रेंग्थ पोलादाला त्याच्या नादी लागू नका.

रोजचं काम

पाळी सुरू झाली की पहिल्या भागाच्या सगळ्या रिव्हेटांच्या डोक्याची उंची मोजा आणि बटणं भिंगाखाली बघा. बटण वर्तुळाच्या मध्यावर हवं, त्यावर नवा ओरखडा किंवा नवी रेघ दिसली तर डायमध्ये चीर गेली असेल, नखाने चाचपडा. दर तासाला पाच रिव्हेट. काप मात्र ठरलेल्या चार वेळी चुकवू नका: नवी कॉइल, रिव्हेटची नवी पेटी, डाय किंवा पंच बदलल्यावर, आणि सी-फ्रेमला धक्का लागल्यावर.

घासलेले काप फेकू नका. रेझिनच्या मागे तारीख, कॉइल नंबर, रिव्हेटची लांबी, डायचा नंबर आणि जोर कोरून छोट्या पिशवीत ठेवा. तीन महिन्यांनी बटणं तडकायला लागली की तो जुना काप नव्याच्या शेजारी भिंगाखाली ठेवा. पाय तसेच फाकलेले असतील आणि फक्त ॲल्युमिनियम चिरलं असेल तर गोदामात जाऊन पत्र्याची तारीख वाचा; पायांचाच आकार बदलला असेल तर रिव्हेटची पेटी काट्यावर ठेवा.